घोंगडीची म्हैस

घोडेगावच्या बाजारात रंगनाथराव चाळीस वर्षं म्हशींचे दलाल होते, आणि त्या चाळीस वर्षांत त्यांचं काही चुकलं नव्हतं. म्हणजे गोष्टी चुकल्या होत्या, पण त्या रंगनाथरावांच्या नव्हत्या. त्यांनी गाभण म्हणून दिलेली म्हैस गाभण निघाली नाही, तर दोष म्हशीचा असे, घेणाऱ्याच्या गोठ्याचा असे, गेला बाजार त्या साली पडलेल्या उन्हाचा असे. कमरेने दगा दिल्यापासून त्यांचं बाजारात जाणं थांबलं, पण पारख थांबली नाही. घराच्या ओट्यावर काळी घोंगडी अंथरून ते बसत आणि रस्त्याने जाणाऱ्या टेम्पोतल्या म्हशी पारखत. टेम्पो पुढे निघून गेला तरी निकाल मागून ओरडून सांगत.

त्यांच्या बायकोला, चांगुणाबाईंना, सगळं लक्षात राहायचं. कुठल्या साली, कुणाच्या म्हशीने, कुठल्या वारी नवऱ्याला खोटं पाडलं, हे त्यांना तिथीसकट आठवत होतं. त्या बोलत मात्र नसत. बोलायचं नाही आणि विसरायचंही नाही, अशी बावन्न वर्षांच्या संसाराची त्यांची पद्धत होती.

मुलगा कल्याण चाकणला कंपनीत. घरात सून अश्विनी, ती सोनईच्या शाळेत शिकवायची, आणि सहा वर्षांची नात राजेश्वरी, सगळ्यांची राजी. दिवाळी झाल्यावर कडबा भरलेली ट्रॉली दारात आली. राजी वर चढून बसली होती. बाकीचे शिडीने उतरले, ही घसरगुंडी करून उतरली. पायाचं हाड मोडलं. सहा आठवडे मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं. सोमवारी नगरच्या डॉक्टरांनी ते कापलं, तेव्हा आतून पाय निघाला तो बारीक, पांढुरका आणि गुडघ्यात लाकडासारखा ताठ.

डॉक्टर बोलायला महाग होते.

"दिवसातून तीन वेळा शेक. शेक झाला की वाकवायचा. पुढच्या सोमवारी निदान साठ अंश वाकला पाहिजे."

"आन् न्हाई वाकला तर?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"भूल देऊन आम्ही वाकवू," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

ते "आम्ही वाकवू" चांगुणाबाईंच्या कानात घोडेगाव येईपर्यंत घुमत राहिलं. त्यांना लोहाराचा भाता दिसत होता आणि ऐरणीवरची कांब. साठ अंश म्हणजे किती हे मात्र कळलं नव्हतं. ते अश्विनीने घरी आल्यावर कंपासपेटीतला कोनमापक गुडघ्याला लावून दाखवलं. राजीचा गुडघा वीस अंशांवर उभा होता. पुढे सरकवला की ती सगळी आळी गोळा होईल अशी ओरडत होती.

अश्विनीने मेडिकलमधून लाल रबरी पिशवी आणली आणि घाईघाईत गॅसवरचं कढत पाणी तसंच्या तसं तिच्यात भरलं. वर टॉवेल गुंडाळायचा राहिला. राजीच्या मांडीवर रुपयाएवढा लाल डाग उठला. त्यानंतर पिशवी दिसली की राजी पाय गोधडीत घेई आणि गोधडीची कड दोन्ही मुठींत धरून ठेवी. टॉवेलात गुंडाळून दाखवली, तर म्हणाली, "आत तीच हाय." उशीच्या अभ्र्यात घालून दाखवली, तर म्हणाली, "आता अभ्र्यात हाय." पोरगी दलालाच्या घरची. झूल बघून बैल घेणाऱ्यातली नव्हती.

चांगुणाबाईंच्या लहानपणी असल्या पिशव्या नव्हत्या. विटकर तापवून फडक्यात बांधायची, नाहीतर एरंडाचं पान तव्यावर परतून ठेवायचं. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना वाळूची पुरचुंडी असे आणि ती चुलीच्या बाजूला सदा ऊबदार पडलेली असे, मांजर तिच्यावर झोपे. मंगळवारी त्यांनी वाळूचा प्रयोग केला. तापवायला हाताशी आला तो अश्विनीचा नॉनस्टिक तवा. राजीने पुरचुंडीही लावू दिली नाही, त्यामुळे गुडघा होता तसाच राहिला. तवा मात्र कायमचा बदलला.

"आत्या, पिशवीवर घालायचं कव्हर ऑनलाईन मिळतं," तव्याकडे न बघता अश्विनी म्हणाली. "जनावराच्या आकाराचं. मऊ असतं, मुलं जवळ घेऊन झोपतात. हे बघा, पांडा."

चांगुणाबाईंनी चष्मा लावून मोबाईलमध्ये पाहिलं. "ह्या अस्वलाला कुनी चुना फासलाय?"

"असतोच तो तसा."

"कधी यील?"

"पुढच्या बुधवारी."

सोमवार बुधवारच्या आधी येतो, हे मोबाईलला कोण समजावणार. चांगुणाबाईंनी मोबाईल परत दिला आणि राजीच्या खाटेवर जाऊन बसल्या.

"राजे, मी तुला जनावर शिवून दिलं, तर घेशील का गुडघ्यावर?"

"कसलं?"

"तू म्हनशील ते. ससा करू?"

"ससा काय करतो?" राजीने विचारलं.

चांगुणाबाईंनी विचार केला. ससा खरंच काही करत नव्हता. "मग?"

"म्हैस," राजी म्हणाली. दुसरं कुठलं जनावर जगात असतं, असं त्या घरात कुणी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

म्हशीला काळं कापड पाहिजे, जाड पाहिजे, केसाळ पाहिजे. घरात तसं एकच होतं. चांगुणाबाई ओट्यावर गेल्या.

"आवो, जरा उठता का?"

"का?" रंगनाथराव म्हणाले.

"घोंगडी पायजे."

"धुवायला?"

"कापायला."

रंगनाथराव उठले नाहीत. त्या घोंगडीवर बसून त्यांनी किती व्यवहार जमवले, किती मोडले, कुठल्या कुठल्या गावचे हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, तिच्यावर मांडी घालून चहा प्यायले, ते त्यांनी सांगितलं. चांगुणाबाईंनी ते सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोरीच्या गुडघ्यासाठी म्हैस करायची हाय."

म्हशीचं नाव निघाल्यावर रंगनाथरावांचा निरुपाय झाला. ते एका अंगाला सरकले, चांगुणाबाईंनी दुसऱ्या अंगाची कापली. सरकले ते हातभरच, म्हणून कापड मिळालं तेही हातभरच.

बुधवारचा सगळा दिवस शिवण्यात गेला. गोधड्या शिवून ज्यांचा हात बसला, त्यांना कागदावर आखणी लागत नाही. पिशवी घोंगडीवर ठेवली, भोवतीने दोन बोटं जास्त धरून कात्री फिरवली. आतून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं अस्तर घातलं. पन्नास धुण्यांनी ते सायीसारखं मऊ झालं होतं, घोंगडी टोचली असती ती टोचणार नव्हती. मशीनने घोंगडीला पहिल्याच टाक्याला सुई मोडून हात जोडले, म्हणून मग गोधडीची सुई आणि दुहेरी दोरा. पोटाकडे कापड कमी पडलं, तिथे दोन्ही कुशी आत घेतल्या. शिंगं कल्याणच्या शाळेच्या करड्या चड्डीची, आत कापूस. डोळे सदऱ्याच्या बटणांचे. मान अशी केली की टिचबटणं काढली की डोकं मागे पडावं आणि पिशवीचं तोंड उघडं व्हावं. शेवटी गुलाबी झंपराच्या तुकड्याची कास आणि तिला चार सड. कास नसली तर लोक रेडा म्हणतील, आणि रेड्याला ह्या घरात किंमत नव्हती.

शिवताना त्यांना त्यांच्या आईने केलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या आठवल्या. त्या बाहुल्यांना नाक-डोळे नसत, नुसती एक गाठ असे, आणि पोरी ती गाठ नवरी मानून लग्न लावत. कुणी कधी म्हटलं नाही की ही नवरी दिसत नाही. आताच्या पोरांना सगळं डोळ्यांनी दिसावं लागतं, असं त्यांच्या मनात आलं. पण डोळ्यांनी दिसावं लागतं ते पोरांनाच नाही, हे गुरुवारी संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी ओट्यावर आसाराम आणि मच्छिंद्र आले. दोघेही रंगनाथरावांच्या बाजारातले, दोघेही आता घरी बसलेले, आणि तिघे मिळून रोज टेम्पो बघत. राजी दारात खुर्चीवर होती, पाय समोरच्या स्टुलावर सरळ ठेवलेला. म्हैस तिच्या मांडीवर होती आणि तिने तिचं नाव बिजली ठेवून टाकलं होतं.

आसारामने म्हैस हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "वहिनी, शिंगं अशी कशी काढली? मुऱ्हा म्हनावं तर शिंग जिलबीगत वळाया पायजे. ही जाफराबादी झाली."

"जाफराबादीचं कपाळ केवढं असतं," मच्छिंद्र म्हणाला. "आन् हिचं बघ. गावठी हाय ही."

"ती गरम पान्याची पिशवी हाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

ते कुणी ऐकलं नाही. आसारामने बोटाने तोंड उघडायचा प्रयत्न केला. "दात न्हाईत. वय कसं काढायचं?"

"दातांचं राहू दे, कानात बिल्ला कुठाय?" मच्छिंद्र म्हणाला. "बिल्ल्याबिगर म्हैस दारात ठिवली तर उद्या सरकारी मानूस येऊन इचारंल." त्याने तेलाच्या रिकाम्या डब्याचं पिवळं प्लास्टिक कापलं, त्यावर बॉलपेनने बारा आकडे लिहिले आणि तो बिल्ला बिजलीच्या कानात दोऱ्याने अडकवला. मग तिचा फोटो काढून दलालांच्या ग्रुपवर टाकला. पाचच मिनिटांत जामखेडच्या कुणीतरी विचारलं, वेत कितवं, म्हणजे कितव्यांदा व्यायची.

आता सगळ्यांनी रंगनाथरावांकडे पाहिलं. बाजारातही ते असेच शेवटी बोलत. त्यांनी म्हैस जवळ ओढली. पाठीवर हात टाकला, कुशीत दोन बोटं दाबली, कास चिमटीत धरून पाहिली, आणि म्हणाले, "भाकड."

"म्हंजी काय आबा?" राजीने विचारलं.

"म्हंजी दूध न्हाई, पोटात रेडकू न्हाई. कुशी बघ कशा आत गेल्यात. नुसती खायला हाय."

आसाराम आणि मच्छिंद्र यांनी माना हलवल्या. जामखेडला तसं कळवण्यात आलं. तीन माणसांनी तास घालवला, आणि राजीचा गुडघा स्टुलावर सरळच होता.

ते गेल्यावर चांगुणाबाईंनी पाणी तापवलं, कोपर बुडवून अंदाज घेतला, आणि म्हैस राजीसमोर खाटेवर ठेवून टिचबटणं काढली. डोकं मागे केलं. घशात पाण्याची धार धरणार, तोच राजीने दोन्ही हातांनी म्हैस ओढून घेतली.

"आज्जी, तिचा घसा भाजंल."

"आगं, घोंगडीची हाय ती."

"मला ठावं हाय घोंगडीची हाय. घोंगडीची असली म्हनून काय तिला भाजत न्हाई?"

चांगुणाबाईंनी पाण्याचं पातेलं उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी म्हैस स्वयंपाकघरात नेऊन चोरून भरली आणि आणून दिली. राजीने पोटाला हात लावला. "ताप आलाय तिला," ती म्हणाली आणि पाणी ओतून टाकेपर्यंत तिने पायाला कुणाला हात लावू दिला नाही. रात्रभर ती थंड म्हशीला कुशीत घेऊन झोपली होती. म्हैस इतकी चांगली जमली होती की पिशवी म्हणून तिचा काही उपयोग उरला नव्हता. शाळेत निघताना अश्विनीने कोनमापक लावला. पंचवीस अंश.

शुक्रवार होता. बाहेर बाजाराची गर्दी होती, टेम्पोंचे हॉर्न, म्हशींचं ओरडणं, धूळ. चांगुणाबाई राजीच्या पायाशी बसल्या होत्या. सोमवार तीन दिवसांवर आला होता, आणि भूल दिलेली राजी कशी दिसेल, ते त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"राजे, थोडं कोमट पानी पाजलं तर?" त्यांनी विचारलं. "थंडीचे दिस हायेत. तिलाबी बरं वाटंल."

"म्हशीला गरम पानी कोन पाजतं?" राजी म्हणाली. "व्याल्यावरच पाजत्यात. गूळ घालून. आबांनी तांबड्या म्हशीला पाजलं हुतं."

चांगुणाबाई सरळ बसल्या. "आन् ही व्याली तर?"

"तर पाजायलाच लागंल. न्हाईतर तिला वारं लागंल."

"मग व्यायला झाली असंल ती. पोट बघ."

"न्हाई. भाकड हाय." राजीने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "आबांनी सांगितलंय. आबा चुकत न्हाईत."

आबा चुकत नाहीत, हे त्या घरात भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीसारखं होतं. ते टांगून ठेवण्यात त्यांचाही हात होता. दुपारी राजी झोपली तेव्हा त्यांनी घोंगडीचे उरलेले तुकडे काढले आणि तळहाताएवढं एक रेडकू शिवलं. ते पदराखाली घेऊन त्या ओट्यावर आल्या. दिवेलागण व्हायची होती, बाजार बघायला गेलेले आसाराम-मच्छिंद्र अजून परतले नव्हते.

"आवो, बिजली गाभन हाय," त्या म्हणाल्या.

"कोन बिजली?"

"आपली. राजीची."

"भाकड हाय ती. म्या हात लावून बघितलीय."

"तिच्या पोटात रबरी पिशवी हाय. तुमी काय हात लावला?"

"कुशी आत हायेत की."

"कापड कमी पडलं म्हनून मी आत घेतल्या. तुमी ईतभर आनखी सरकला असता तर भरल्या असत्या."

चांगुणाबाईंनी पदराखालचं रेडकू काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. व्याली तरच राजी गरम पाणी घेऊ देणार, आणि व्यायची तर आधी आबांनी भाकड हा शब्द मागे घेतला पाहिजे. दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही.

"असं कसं म्हनू?" रंगनाथराव म्हणाले. "आसाराम हुता, मच्छिंद्र हुता. फोटू जामखेडपातूर गेलाय. चाळीस वर्सं..."

"भीमा आठवतो का? खरवंडीचा."

"कोन भीमा?"

"कल्याण रांगत हुता त्या सालचा. तुमी त्याला गाभन म्हनून म्हैस दिली. धा महिने वाट बघून तो दारात आला, तर तुमी सांगितलं, म्हशीनं इचार बदलला."

"ते येगळं."

"आन् सहादेवाला तुमी पहिल्या वेताची म्हनून दिली, तिची रेडी तिच्याएवढीच बाजारात मागं हुडकत आली, ते?" चांगुणाबाई शांतपणे सांगत होत्या, बाजाराची यादी सांगावी तसं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, दुष्काळातली, अधिक महिन्यातली. सात म्हशी झाल्या. आठवी त्या सांगणार, तेव्हा रंगनाथरावांनी हात वर केला.

"तुला समदं ध्यानात हाय?"

"समदं."

"मग कधी बोलली न्हाईस."

"गरज न्हवती." चांगुणाबाईंनी पदर सारखा केला. "मी आताबी बोलत न्हाई. तुमचा शबद वाकवायचा, का डाक्टरांनी पोरीचा गुडघा वाकवायचा, तेवढं बघा."

आणि त्या आत निघून गेल्या.

शनिवारी सकाळी ओट्यावर ऊन खात राजी बसली होती, म्हैस मांडीवर. आसाराम आणि मच्छिंद्र चहाला आले. चांगुणाबाई बशीत चहा ओतत होत्या. रंगनाथरावांनी घसा खाकरला. एरवी म्हशीवर निकाल द्यायचा तेव्हा ते खाकरत नसत.

"राजे, आन बरं ती म्हैस इकडं," ते म्हणाले. त्यांनी तिच्या कुशीत बोटं दाबली, पुन्हा दाबली. "आं. ही गाभन दिसती."

आसारामने बशी तोंडाशी नेली होती, ती तिथेच राहिली.

"तुमी तर भाकड म्हनला," राजी म्हणाली.

"तवा हुती. रातीतून राहिली आसंल."

"रातीत कशी राहील? धा महिने लागत्यात. तुमीच सांगितलं."

"म्हंजी... तवा म्या दुसऱ्या म्हशीला म्हनलो."

"दुसरी म्हैस कुठं हुती?"

दुसरी म्हैस नव्हती. रंगनाथरावांनी रस्त्याकडे पाहिलं. तिकडून टेम्पोही येत नव्हता. मग त्यांनी आसारामकडे पाहिलं, मच्छिंद्रकडे पाहिलं. दोघे चाळीस वर्षं ज्याची वाट बघत होते, ते आता होणार, अशा चेहऱ्याने बसले होते.

"चुकलं माझं," रंगनाथराव म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की राजीने विचारलं, "काय?"

"चुकलं म्हनलं माझं. गाभनच हुती. म्या चुकीचं बघितलं."

मच्छिंद्रने चहा सांडला. राजीने मात्र शांतपणे म्हैस परत घेतली. आबा चुकले याचं तिला कौतुकही वाटलं नाही की दुःखही नाही. तिला पुढचं पाहिजे होतं.

"कितवा महिना?"

"भरलीय," रंगनाथराव आता आवाज सापडल्यासारखे म्हणाले. "आज नाहीतर उद्या."

बिजली त्याच दुपारी व्याली. अश्विनी राजीला आंघोळ घालत होती, तेवढ्यात चांगुणाबाईंनी रेडकू बिजलीच्या पोटाशी ठेवलं आणि वर गोधडीचं टोक ओढलं. राजी खाटेवर आली, बघितलं, आणि पहिलं शेपटी उचलून पाहिलं. "रेडी का रेडा?"

चांगुणाबाईंनी ह्याचा विचार केला नव्हता. "रेडी," दारातून रंगनाथराव म्हणाले. ह्या बाबतीत ते ठाम होते.

"आज्जी, पानी तापव. गूळ घाल."

रबरी पिशवीत चांगुणाबाईंनी चिमूटभर गूळ घातला. अश्विनीने डोक्याला हात लावला, पण तिने नॉनस्टिक तव्यातून इतकं शिकून घेतलं होतं की तोंड उघडलं नाही. राजीने स्वतः टिचबटणं काढली, डोकं मागे केलं, आणि आजीने धार धरली तेव्हा म्हशीच्या कानात सांगितलं, "हळूहळू पी."

"आता बाळंतिणीला ऊब पायजे," चांगुणाबाई म्हणाल्या. "मांडीवर घेऊन बस. खाटेच्या कडेला, पाय खाली सोडून. मांडी झाल्याबिगर मांडीवर म्हैस कशी बसंल?"

राजी कडेला बसली. दुखरा पाय समोर काठीसारखा उभा होता. त्याच्यावर गुडघ्यापाशी बिजली आडवी झाली, पोटाची ऊब आणि पाण्याचं वजन घेऊन. राजी रेडीला सडाला लावण्यात गुंतली. सड चार होते आणि रेडी एकच, तेव्हा कुठला आधी द्यायचा हा मोठा प्रश्न होता. चांगुणाबाई तिच्या टाचेखाली हात धरून बसल्या होत्या. पाय त्यांच्या तळहातावर टेकला, मग थोडा आणखी खाली आला. राजीने एकदा "आई गं" म्हटलं आणि पुन्हा रेडीकडे पाहिलं. चांगुणाबाईंनी हात आणखी बोटभर खाली घेतला. इतकी जपून त्यांनी कुठलीही गोष्ट कधी खाली ठेवली नव्हती.

संध्याकाळी कोनमापक पस्तीसवर होता. व्यालेल्या म्हशीला दिवसातून तीन वेळा पाणी पुरत नाही, असं राजीचं मत पडलं, म्हणून रविवारी पाच वेळा पाजण्यात आलं. सकाळी बेचाळीस. दुपारी पन्नास. पिशवीच्या तोंडाला मुंग्या लागल्या त्या चांगुणाबाईंनी फुंकून घालवल्या.

बातमी लपण्यासारखी नव्हती. रविवारी दुपारपासून ओटा भरला. "रंगनाथनं भाकड म्हनलेली म्हैस व्याली म्हनं," असं म्हणत जो येई तो आत डोकावून बाळंतीण बघून घेई. आसाराम चरवी घेऊनच आला. म्हैस व्याली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना चीक मिळतो, खरवस मिळतो, तो कुठं आहे, असं त्याने सरळ विचारलं. हिची कास कोरडी असली तर रंगनाथचं पहिलं बोलणं खरं धरावं लागेल, असंही म्हणाला. ते धरू देणं राजीच्या समोर परवडणारं नव्हतं. अश्विनीने पिशवीचं दूध आणि चायना ग्रास घालून ताटभर खरवस केला आणि ओट्यावर वाटला. मच्छिंद्रने तो खाऊन सांगितलं की दूध पातळ आहे, पण पहिल्या वेताला असं होतं.

"दादा, माझ्या म्हशीकडं एकदा चला," रस्त्यावरून कुणी ओरडलं. "दोन वर्सं झाली राहीना. तुमी एकदा भाकड म्हना, म्हंजी व्याईल."

सगळा ओटा हसला. चांगुणाबाईंनी आतून पाहिलं. रंगनाथराव अर्ध्या घोंगडीवर बसले होते, मान खाली घालून खरवस खात होते. उठून आत येतील, असं त्यांना वाटलं. ते आले नाहीत. राजी "आबा, पान्याची येळ झाली का?" म्हणून विचारी, तेव्हा तेवढं मान वर करून सांगत, "व्हय, झाली."

सोमवारी सकाळी कोनमापक अठ्ठावन्नवर होता. दोन अंश कमी. चांगुणाबाईंनी गाडीतही थर्मासमधलं गरम पाणी भरलं, आणि इमामपूरच्या घाटात राजीच्या गुडघ्यावर बिजली होती, तिच्यावर रेडी, आणि राजीच्या टाचेखाली चांगुणाबाईंचा हात.

डॉक्टरांनी राजीला टेबलावर बसवलं. "हे बाजूला ठेवा."

"बाळंतीण हाय ती," राजी म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि म्हैस बाजूला केली नाही. एक हात मांडीखाली घातला, दुसऱ्याने घोटा धरला. चांगुणाबाईंनी डोळे मिटले. राजी ओरडेल, मग ते म्हणतील, आम्ही वाकवू. राजीने नुसते दात आवळले. चांगुणाबाईंनी डोळे उघडले तेव्हा डॉक्टर त्यांचं स्वतःचं माप लावून वाकले होते.

"बासष्ट. छान. भूल नको. असंच चालू ठेवा." मग त्यांनी त्या आठवड्यातला जास्तीचा एक प्रश्न विचारला. "हे काय आहे?"

"ही बिजली. आबा हिला भाकड म्हनले हुते. पन ती गाभन हुती. आबा चुकले."

डॉक्टरांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या रंगनाथरावांकडे पाहिलं. इथे आसाराम नव्हता, मच्छिंद्र नव्हता. डॉक्टरांना म्हशीतलं काही कळत नव्हतं. सांगायचं तर काहीही सांगता आलं असतं.

"व्हय," रंगनाथराव म्हणाले. "चुकलो."

परत निघाले तेव्हा राजी मागच्या सीटवर आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. रंगनाथराव पुढे ड्रायव्हरशेजारी होते. नगर मागे पडलं, घाट उतरला. पांढरीपुलाशी चहाला थांबले, पुन्हा निघाले. ड्रायव्हरने सहज विचारलं, पोरीच्या हातात ते काय आहे. रंगनाथरावांनी सांगायला सुरुवात केली. घोंगडी कुणाची, ती कशी कापली, शिंगं कशी चुकली.

"भाकड म्हनलो खरं," ते म्हणाले. "पन तसा मला पहिल्याच दिशी संशय आलता."

आणि त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

चांगुणाबाई राजीकडे बघत होत्या. झोपेत तिने कूस बदलली होती आणि दुखरा पाय, जमेल तेवढा, पोटाशी ओढून घेतला होता. त्यांनी तिच्या गुडघ्यावरून पदर ओढला.

"आलता की," त्या म्हणाल्या. "मलाबी दिसलं हुतं."